मोसमापूर्वीचा परदेश दौरा: पैसे किती मिळाले याआधी सराव किती बुडाला ते मोजा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही दुसऱ्या श्रेणीत खेळणाऱ्या एका फुटबॉल क्लबच्या कार्यकारिणीत आहात. एका आयोजकाने मोसमापूर्वीच्या दौऱ्याचा प्रस्ताव दिलाय: ११ दिवस, २ देश, ३ सामने, पूर्वेच्या दिशेने ७ तासांचा फरक. मिळणारी रक्कम क्लबच्या वार्षिक खर्चाच्या साधारण ८ टक्के. परतल्यावर सहाव्या दिवशी लीगचा पहिला सामना. मुख्य प्रशिक्षक नको म्हणतायत, खजिनदार हो म्हणतायत. आणि तुम्ही विचारताय की एवढे मोठे क्लब दरवर्षी जातात, म्हणजे फायदा होतच असणार ना?

मी १९ वर्षं व्यावसायिक क्लबांमध्ये फिटनेस कोच आहे. त्यात १४ परदेश दौरे केले, आणि काही उन्हाळे असेही गेले की आम्ही आमच्याच सरावाच्या मैदानावरून हललो नाही. काही दौऱ्यांतून संघ घडलेला पाहिलाय. काही दौऱ्यांचं ओझं आम्ही अर्धा मोसम वाहिलंय. त्यामुळे "दौरे वाईटच" किंवा "दौरे हवेतच" असं एका वाक्यातलं उत्तर माझ्याकडे नाही. पण तुमच्या प्रस्तावाबद्दल माझं मत स्पष्ट आहे आणि ते मी लपवणार नाही.

तुमच्या प्रश्नात दोन हिशेब एकमेकांत मिसळलेत. एक तिजोरीचा, दुसरा पायांचा. खजिनदार पहिल्याबद्दल बोलतायत, प्रशिक्षक दुसऱ्याबद्दल, आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत. म्हणूनच अशा बैठका तासन्‌तास चालतात आणि निर्णय काही होत नाही. दोन्ही हिशेब एका मापात आणायचे तर मला आजवर एकच माप उपयोगी पडलंय: सरावाची सत्रं. मोसमापूर्वीचा काळ साधारण ६ आठवड्यांचा, म्हणजे ४२ दिवसांचा असतो. पैसे नंतरही उभे करता येतात. हे ४२ दिवस वर्षातून एकदाच मिळतात. एकदा लीग सुरू झाली की आठवड्याला एक-दोन सामने, मधे रिकव्हरी (शरीर सावरायला दिलेला वेळ), आणि नवं काही बसवायला वेळच उरत नाही.

आता तुमचे ११ दिवस कागदावर मांडू. जाण्यात १ दिवस. सामन्यांचे ३. प्रत्येक सामन्यानंतरचा दिवस रिकव्हरीचा, म्हणजे आणखी ३. त्यातला एक दुसऱ्या देशात जाण्यात आणि शेवटचा परतीच्या विमानात जाईल. झाले ७. उरलेल्या ४ पैकी एक प्रायोजकांचे कार्यक्रम, खुला सराव आणि फोटो यांत जातो. करारात तो "अर्धा दिवस" लिहिलेला असतो, पण अर्ध्या दिवसात आटोपलेला मी एकदाही पाहिलेला नाही. आणि उतरल्यानंतरच्या पहिल्या दिवशी चालणं, स्ट्रेचिंग आणि हलका पासिंग सराव याच्या पुढे काही करून घेणं धोक्याचं. म्हणजे खऱ्या सरावाचे दिवस २, त्यात फार तर ३ सत्रं. हेच ११ दिवस घरी काढले असते तर २ सराव सामने, २ रिकव्हरीचे दिवस, १ सुट्टी, आणि ६ दिवस सराव. त्यातले ३ दिवस दोन-दोन सत्रांचे धरले तर ९ सत्रं. तुमचा दौरा तुमच्याकडून ६ सत्रं घेतोय. प्रस्तावातली रक्कम या ६ सत्रांची किंमत आहे. खजिनदारांसमोर ती अशी मांडा.

६ सत्रांनी काय होतं, असं कोणी विचारेल. सुट्टीच्या ३-४ आठवड्यांत खेळाडूचा दम उतरतो, हे सगळ्यांना माहीत असतं. दम त्यातल्या त्यात लवकर परतही येतो. स्नायूंची आणि कंडरांची वेगाने धावण्याची सवय मात्र हळूहळू, पायरीपायरीनेच परत येते. मांडीच्या मागचा स्नायू, म्हणजे हॅमस्ट्रिंग, पूर्ण वेगाच्या धावेला तयार व्हायचा तर त्याला ती धाव आधी थोडी, मग जास्त, मग सामन्याएवढी अशी द्यावी लागते. मधे चार-पाच दिवसांची खिंडार पडली आणि मग एकदम सामन्यात ती धाव मागितली, की स्नायू धरतो. दौऱ्यावर नेमकं हेच घडतं. सामने आहेत म्हणून आपल्याला वाटतं की भार पुरेसा पडतोय. पण मैत्रीपूर्ण सामन्यात बहुतेक जण ४५ किंवा ६० मिनिटंच खेळतात, वेग निम्मा असतो, आणि पुढचे दोन दिवस प्रवासात जातात. धाव मोजणाऱ्या जीपीएसच्या बनियनमधले आकडे काढले की एकूण अंतर ठीक दिसतं, अतिवेगाची धाव मात्र घरच्या आठवड्यापेक्षा खूप कमी भरते. ही तूट दौऱ्यात दिसून येत नाही. ती लीगच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दिसते, आणि तोवर दौऱ्याला सगळे विसरलेले असतात.

डावपेचांचंही तसंच. समोरच्याला त्याच्याच अर्ध्यात दाबायचं तर आघाडी, मधली फळी आणि बचाव यांच्यातलं अंतर कायम ठेवून एकदम सरकावं लागतं. हे फळ्यावर दाखवून येत नाही. रोज तेच तेच करून पायात मुरतं. तुमचे प्रशिक्षक नको म्हणतायत त्यामागे बहुधा हेच आहे. त्यांना जरूर विचारा.

आता प्रवास. यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लांबच्या प्रवासाचा शीण एका चांगल्या झोपेने जातो. जेट लॅग म्हणजे शरीरातलं घड्याळ मागे राहणं, आणि ते ढोबळमानाने दिवसाला एक तास या गतीने जुळतं. त्यातही पूर्वेकडे जाणं अवघड. माणसाचं आतलं घड्याळ मुळात २४ तासांहून किंचित मोठं असतं, त्यामुळे दिवस लांबवणं त्याला जमतं, आखूड करणं जड जातं, आणि पूर्वेकडे जाताना दिवस आखूडच होतो. १९१४ मध्ये इंग्लंडचा एक्झिटर सिटी क्लब अर्जेंटिना आणि ब्राझीलच्या दौऱ्यावर गेला होता. ब्राझीलचा राष्ट्रीय संघ आपला पहिला सामना रिओमध्ये त्यांच्याशीच खेळला. ते लोक जहाजाने गेले, घड्याळ वाटेतच हळूहळू सरकत गेलं. तुम्ही विमानाने रात्रीत ७ तास ओलांडणार. म्हणजे तुमच्या खेळाडूंचं शरीर दौऱ्याच्या सातव्या-आठव्या दिवशी तिथलं होणार आणि अकराव्या दिवशी तुम्ही त्याला परत आणणार. परतीचा प्रवास पश्चिमेकडचा, तो सोपा, तरी सहा दिवसांत ७ तास पुरते जुळत नाहीत.

एक प्रसंग सांगतो. पूर्वेकडच्याच एका दौऱ्यावर दुसऱ्या रात्री साडेतीनला मला जाग आली. दार उघडून पाहिलं तर हॉटेलच्या कॉरिडॉरमध्ये सात खेळाडू गालिच्यावर भिंतीला टेकून बसलेले. कोणी मोबाइलवर, कोणी पत्त्यांत. आमचा गोलरक्षक एकटाच येरझाऱ्या घालत होता. तो म्हणाला, "सर, झोप येत नाही आणि भूक लागलीय. शरीराला वाटतंय आत्ताच जेवायची वेळ आहे." सकाळी दहाला सराव होता. त्या सकाळी मी मुख्य प्रशिक्षकांना सांगितलं की आज वेगाचं काही नको. ते मान्यही झाले, पण मैदानाबाहेर २ हजार प्रेक्षक तिकीट काढून खुला सराव पाहायला आले होते आणि आयोजकांना "पूर्ण तीव्रतेचा" सराव हवा होता. आम्ही तो केला. संध्याकाळी दोघांच्या पोटऱ्या धरल्या होत्या. पुढच्या दौऱ्यापासून मी करारात एक ओळ घालून घेतली: उतरल्यापासून ४८ तास सरावाची तीव्रता आमचा वैद्यकीय चमू ठरवेल. ही ओळ तुम्हीही घाला. बाकी नेहमीचे उपाय आहेतच, ठरलेल्या वेळी उजेडात बसवणं, दुपारची झोप अर्ध्या तासावर न जाऊ देणं, जेवणाच्या वेळा विमानातच बदलणं. त्यांनी दिवस-दीड दिवस वाचतो.

"मोठे क्लब जातात म्हणजे फायदा असणारच" या तुमच्या वाक्याकडे येतो, कारण बैठकीत हेच वाक्य सगळ्यात जड पडतं. २०१४ मध्ये मँचेस्टर युनायटेड अमेरिकेत गेलं. लॉस एंजेलिस, डेन्व्हर, वॉशिंग्टन, मिशिगन आणि शेवटी मायामी. मिशिगन स्टेडियममध्ये रेआल माद्रिदविरुद्ध १,०९,३१८ प्रेक्षक होते. अमेरिकेतल्या फुटबॉल सामन्यासाठी तो विक्रम ठरला. युनायटेडने त्या दौऱ्यात माद्रिदलाही हरवलं, लिव्हरपूललाही, तिथल्या स्पर्धेचा करंडकही जिंकला. प्रशिक्षक लुई व्हान हाल मात्र दौऱ्यातली अंतरं आणि वेळांचे फरक याबद्दल उघड तक्रार करत होते. १६ ऑगस्टला लीगचा पहिला सामना स्वतःच्या मैदानावर, आणि स्वॉन्झीकडून १-२ हार. उलट २०१९ चं लिव्हरपूल पाहा. अमेरिकेत डॉर्टमुंड आणि सेव्हिया यांच्याकडून हरले, स्पोर्टिंगशी बरोबरी, एकही विजय नाही. लीगमध्ये मात्र पहिले ८ सामने सलग जिंकले आणि ९९ गुणांनी विजेते झाले. चेल्सी २०१५ मध्ये विजेते म्हणून अमेरिकेला गेले आणि डिसेंबरपर्यंत १६ सामन्यांत ९ हारून सोळाव्या क्रमांकावर घसरले, प्रशिक्षक मोरिन्योंना जावं लागलं. पुढच्याच उन्हाळ्यात तोच क्लब त्याच अमेरिकेत ३ सामने खेळला आणि नवे प्रशिक्षक कोंते यांच्या हाताखाली ९३ गुण मिळवून लीग जिंकला.

दौऱ्यातल्या निकालांवरून काहीच कळत नाही, हे यातून दिसतं. आणि "दौरा केला" एवढ्या माहितीवरूनही काही कळत नाही. लिव्हरपूलच्या बाबतीत मला जी गोष्ट महत्त्वाची वाटते ती बातम्यांत कमी आली: अमेरिकेहून परतल्यावर प्रशिक्षक क्लोप संघाला घेऊन फ्रान्समधल्या एव्हियाँला गेले. एका ठिकाणी, शांत, फक्त सराव. बुडालेली सत्रं त्यांनी तिथे भरून काढली. तुमच्या प्रस्तावात ती जागाच नाही. तुम्ही परतता आणि लीग सुरू होते.

दुखापतींबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण विचारायला हवं होतं. २०२३ मध्ये चेल्सीचा नवा आघाडीवीर एन्कुंकू शिकागोत डॉर्टमुंडविरुद्धच्या मैत्रीपूर्ण सामन्यात गुडघा दुखावून बसला आणि डिसेंबरपर्यंत लीगमध्ये उतरू शकला नाही. २०२४ मध्ये मँचेस्टर युनायटेडचा नवा बचावपटू योरो लॉस एंजेलिसजवळच्या सामन्यात पायाचं हाड मोडून बसला, तोही डिसेंबरातच परतला. २०२५ मध्ये टॉटनमच्या मॅडिसनचा गुडघा दक्षिण कोरियातल्या सोलमध्ये दुखावला. असं असलं तरी दौऱ्यालाच दोष देणं बरोबर नाही. लेस्टरच्या फोफानाचा पाय २०२१ मध्ये मोडला तो त्यांच्या स्वतःच्या मैदानावरच्या सराव सामन्यात. दुखापत कुठेही होते. मात्र परक्या मैदानावर एक गोष्ट आपल्या हातात नसते, ती म्हणजे पायाखालची जमीन.

बरीच मोठी स्टेडियम मूळची दुसऱ्या खेळांसाठी किंवा कार्यक्रमांसाठी असतात. तिथे कृत्रिम पृष्ठभागावर गवताच्या गुंडाळ्या आणून अंथरतात. सामन्याच्या आदल्या दिवशी मी नेहमी अनवाणी चालून पाहतो. एका स्टेडियममध्ये पेनल्टी क्षेत्राच्या कडेला दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीत माझी दोन बोटं पहिल्या पेरापर्यंत गेली. गवत वर ओढलं तर चटईसारखं उचललं जात होतं, मुळांनी खाली काहीच धरलेलं नव्हतं. मी फोटो काढले, आमच्या व्यवस्थापकांना दाखवले. ते म्हणाले, तिकिटं विकली गेलीत, आता माघार घेतली तर पैसे बुडतील. दुसऱ्या दिवशी ३१ व्या मिनिटाला आमच्या मधल्या बचावपटूचा बूट वळताना त्याच कडेला अडकला. शरीर फिरलं, पाय फिरला नाही. ११ आठवडे. तो आमचा कर्णधार होता. त्या फोटोंचं मी काय करायला हवं होतं, याचा विचार अजूनही मनात येतो. निदान आदल्या रात्री प्रशिक्षकांच्या दारावर जाऊन त्याला खेळवू नका एवढं तरी सांगायला हवं होतं. खराब मैदानावर माघार घेता येते. जुलै २०१६ मध्ये बीजिंगमध्ये मँचेस्टरच्या दोन क्लबांचा सामना पावसाने मैदानाची वाट लागल्यामुळे ऐन दिवशी रद्द झाला होता. पण त्यासाठी मैदान नाकारण्याचा हक्क आणि तरीही पैसे राखण्याची अट आधीच कागदावर हवी.

पैशांकडे वळतो, कारण खजिनदारांची बाजू हलकी नाही. मोठ्या क्लबांसाठी दौरा म्हणजे नुसतं सामन्यांचं मानधन नसतं. त्यांच्या शर्टावर नाव असलेल्या कंपन्यांना त्या देशांत माल विकायचा असतो, आणि प्रायोजकत्वाच्या करारातच अशा दौऱ्यांचा समावेश असतो. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये क्लबला ३ वर्षांत मिळून १०.५ कोटी पौंडांवर तोटा दाखवता येत नाही, असा नियम अनेक वर्षं राहिला. अशा वेळी व्यापारी उत्पन्नाचा प्रत्येक पौंड खेळाडू घेण्याची मुभा वाढवतो. त्यांना दौऱ्याचा फायदा होतो तो या वाटेने, आणि दरवर्षी गेल्याने वाढत जातो. तुमच्या क्लबला ही वाट नाही. तुम्हाला एकदा रक्कम मिळेल. दोन वर्षांनी तिथे कोणी तुमचा शर्ट घालून फिरत असेल अशी आशा धरू नका, पुन्हा पुन्हा गेलात तर गोष्ट वेगळी.

शिवाय ती ८ टक्के रक्कम ढोबळ आहे की निव्वळ? यजमान देशात मुळातच कर कापला जाईल का? ४० जणांचा ताफा, जादा सामान, विमा, सरावाच्या मैदानाचं भाडं, मधला विमानप्रवास कोणाच्या खात्यावर? एका क्लबमध्ये आम्ही हा हिशेब परतल्यानंतर केला आणि हातात कबूल रकमेच्या निम्म्याहून कमी राहिलं. आणि रक्कम मिळणार कधी? जुलै २०२५ मध्ये बार्सिलोनासारख्या क्लबला निघायच्या तोंडावर जपानमधल्या कोबेचा सामना रद्द करत असल्याचं जाहीर करावं लागलं, आयोजकाने करार मोडला म्हणून. नंतर तोडगा निघाला आणि सामना झाला. बार्सिलोनासाठी धावून येणारे असतात. आपल्यासाठी कोणी येईल असं धरून चालू नये. विमानात पाय ठेवण्याआधी पूर्ण रक्कम, किमान तीन चतुर्थांश तरी, बँकेत जमा झालेली हवी.

करारातलं आणखी एक कलम नीट वाचा: अमुक खेळाडू अमुक मिनिटं खेळलाच पाहिजे. जुलै २०१९ मध्ये इटलीचे युव्हेंटस चीनमधून सामन्याच्याच दिवशी सोलला पोहोचले, सामना जवळपास तासभर उशिरा सुरू झाला, आणि ४५ मिनिटं खेळेल असं जाहीर केलेला रोनाल्डो बाकावरून उठलाच नाही. प्रेक्षक कोर्टात गेले आणि आयोजकाविरुद्ध नुकसानभरपाईचा निकाल मिळवला. फेब्रुवारी २०२४ मध्ये हाँगकाँगमध्ये अमेरिकेच्या इंटर मायामी क्लबसाठी मेस्सी दुखापतीमुळे उतरला नाही, तेव्हा स्टेडियम संतापलं. आयोजकांना तिकिटाचे निम्मे पैसे परत द्यावे लागले, आणि तीन दिवसांनी तो टोकियोत खेळला म्हणून राग आणखी वाढला. तुमच्याकडे मेस्सी नाही, पण तुमचा एखादा ओळखीचा चेहरा आयोजकाने नावानिशी लिहिलेला असू शकतो. त्याच्या मांडीत सामन्याच्या सकाळी ओढ जाणवली, तर निर्णय फिजिओ घेणार की करार? मी अशा सकाळी फिजिओच्या टेबलाजवळ उभा राहिलोय. व्यवस्थापक खोलीत येऊन नुसते उभे राहतात, बोलत काही नाहीत, आणि खेळाडू म्हणतो, "बरं वाटतंय, खेळतो."

एवढं वाचून मी दौऱ्यांच्या विरोधात आहे असं वाटेल. तसं नाही. दौऱ्यांनी दिलेली एक गोष्ट घरच्या मैदानावर मला क्वचितच मिळाली: माणसं एकमेकांना कळतात. घरी सराव संपला की जो तो आपल्या गाडीत बसून निघून जातो. दौऱ्यावर दहा-बारा दिवस एकत्र जेवण, एकत्र बस, एकत्र वैतागणं. नवा खेळाडू, विशेषतः भाषा न येणारा, यात लवकर मिसळतो. तरुणांचा फायदा तर फार मोठा. वरिष्ठ खेळाडू राष्ट्रीय संघाकडून उशिरा परततात, म्हणून दौऱ्यात अकादमीतल्या चार-पाच जणांना जागा मिळते. असाच एक १८ वर्षांचा लेफ्ट बॅक (डाव्या बाजूचा बचावपटू) आमच्याबरोबर आला होता. आम्ही त्याला ३४ वर्षांच्या बचावपटूबरोबर एका खोलीत ठेवलं. तिसऱ्या दिवसापासून हा मुलगा नाश्त्याच्या आधी तासभर लवकर उठून त्या वरिष्ठाच्या शेजारी, त्याच्याच क्रमाने, कंबरेचे आणि घोट्याचे व्यायाम करू लागला. कोणी सांगितलं नव्हतं. त्या वर्षी तो लीगचे २२ सामने खेळला आणि एकदाही स्नायू दुखावला नाही. तो क्रम त्याला माझ्याकडून दोन वर्षांत जमला नव्हता.

पण हा फायदा मिळवायला सात तास ओलांडावे लागत नाहीत. युरोपातले कितीतरी क्लब ऑस्ट्रियातल्या डोंगराळ गावांत शिबिर भरवतात: घड्याळात फारसा फरक नाही, हवा थंड, मैदान चांगलं, एकच हॉटेल, जवळपासच्या क्लबांशी दोन सराव सामने. खर्च होतो, कमाई होत नाही, तेवढाच फरक. उष्ण हवेची सवय व्हावी म्हणून दौरा करावा असं कोणी सुचवलं तर एवढं लक्षात घ्या की ती सवय व्हायला १० ते १४ दिवस लागतात आणि सोडून दिली की काही आठवड्यांत उतरते. तुमची लीग उन्हात सुरू होत नसेल तर तिचा उपयोग नाही.

तर माझं मत असं. प्रस्ताव आत्ता आहे तसा घेऊ नका. पण आयोजकाला नाही म्हणून टाकण्याआधी उलट प्रस्ताव द्या. दोनऐवजी एकच देश, कारण मधला प्रवास दिवसही खातो आणि झोपही. तीनऐवजी दोन सामने, त्यांच्यात किमान ४ दिवसांचं अंतर. प्रायोजकांचं सगळं एकाच दुपारी, आणि ती दुपार रिकव्हरीच्या दिवसाची. उतरल्यावरचे ४८ तास आमचे. मैदान नाकारण्याचा हक्क आमचा. कोण किती मिनिटं खेळणार हे वैद्यकीय चमू ठरवणार. आणि दौरा एक आठवडा अलीकडे ओढून परतल्यावर लीगपर्यंत १२-१३ दिवस हातात. अशा आखणीत माझ्या हिशेबाने ३-४ सत्रं बुडतील आणि ती परतल्यावर भरून काढता येतील. आयोजकाने रक्कम एक तृतीयांशाने कमी केली तरी मी हा दौरा घेईन. सगळं मान्य पण तारीख हलत नाही असं त्याने सांगितलं, तर सोडून देईन.

एक परिस्थिती मात्र अशी आहे जिथे माझं हे सगळं गणित बाजूला ठेवावं लागेल. या ८ टक्क्यांशिवाय पगार देता येणार नसतील, तर जा. पेलेंच्या काळातला ब्राझीलचा सान्तोस क्लब जगभर फिरून सामने खेळत होता तो याच उत्पन्नासाठी, आणि त्यापायी दक्षिण अमेरिकेतल्या मोठ्या स्पर्धेकडेही त्यांनी पाठ फिरवली. पगार थकलेल्या संघाची तयारी कितीही चांगली करा, ती टिकत नाही; मी असा एक मोसम काढलाय. पण मग हे प्रशिक्षकांना आणि खेळाडूंना आधी, स्पष्ट शब्दांत सांगा: हा दौरा पैशांसाठी आहे, आणि पहिल्या चार सामन्यांतले गुण कमी पडले तर कार्यकारिणी त्याची जबाबदारी घेईल. आणि ते इतिवृत्तात लिहून ठेवा.

तसं जावं लागलंच आणि परतल्यावर सहाच दिवस मिळाले, तर ते असे वापरा. पहिले दोन दिवस फक्त झोप, चालणं, हलकं जिम. तिसऱ्या दिवशी वेग, पण एकूण ६-८ पूर्ण धावांपेक्षा जास्त नाही. चौथ्या दिवशी अकरा विरुद्ध अकरा, छोट्या मैदानावर नाही, पूर्ण मैदानावर. पाचवा दिवस सेट-पीसचा, म्हणजे फ्री किक, कॉर्नर वगैरेंचा. दौऱ्यात सगळ्यात जास्त मिनिटं खेळलेले दोन-तीन जण पहिल्या सामन्यात बाकावर ठेवा आणि पाच-सहा जणांना, बहुतेक तरुणांना, दौऱ्यावर नेऊच नका. त्यांना घरी सहायक प्रशिक्षकाबरोबर पूर्ण ९ सत्रं करू द्या. लीगच्या पहिल्या दिवशी तुमच्या संघातले सगळ्यात ताजे पाय त्यांचे असतील.